पोस्ट किती, लेख किती? माप गिऱ्हाइकाच्या शंकेचे

मीरा-भाईंदरमधल्या छोट्या व्यावसायिकाला हल्ली दोन सल्ले मिळतात. पहिला असा, की रोज काहीतरी टाकत राहा: सकाळी व्हॉट्सॲपचे स्टेटस, दुपारी इन्स्टाग्रामवर फोटो, रात्री रील, सणासुदीला शुभेच्छांचे चित्र. दुसरा सल्ला वेबसाइट बनवून देणाऱ्यांचा: ब्लॉग लिहा, गुगलवर वर या. दोन्ही सल्ले देणाऱ्यांचा आपापला धंदा आहे आणि दोन्हींत तथ्यही आहे. अडचण एवढीच, की दुकान किंवा क्लास सांभाळणाऱ्या माणसाला या कामासाठी आठवड्यात जेमतेम चार-पाच तास मिळतात. त्यातले पोस्टला किती द्यायचे आणि लेखाला किती? ‘दोन्हींचा समतोल राखा’ हे ठरलेले उत्तर ऐकायला बरे वाटते, पण त्यावरून उद्या सकाळी काय करायचे ते कळत नाही. निम्मा वेळ इकडे आणि निम्मा तिकडे ही नुसती वाटणी झाली. त्यात धंद्याचा विचार कुठेच नाही.

इथे मांडायचे आहे ते असे, की हे प्रमाण आपल्या आवडीवरून किंवा एखाद्या ॲपच्या चलतीवरून ठरवू नये, ते गिऱ्हाइकाच्या शंकेवरून ठरवावे. पैसे काढण्याआधी गिऱ्हाईक जितके घुटमळते, जितके खोदून विचारते, तितका लेखाचा वाटा मोठा असावा. जी खरेदी पाहिल्याबरोबर होते, तिथे पोस्टचा वाटा मोठा असावा. पोस्टने ओळख होते आणि ओळख टिकते. शंका मात्र फोटोने आणि पंधरा सेकंदांच्या रीलने फिटत नाही. तिला सविस्तर, शांतपणे वाचता येईल आणि पुन्हा उघडून पाहता येईल असे उत्तर लागते.

किर्लोस्करवाडीचा दाखला

‘कंटेंट मार्केटिंग’ हे नाव नवे असले तरी ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. ती वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवायला घेतला, तेव्हा त्यांची गाठ आधी पडली ती शंकेशी. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष भिनते, असा समज शेतकऱ्यांमध्ये होता आणि पहिले नांगर विकायलाच बराच काळ गेला. अशा मालासाठी ‘नांगर घ्या, नांगर घ्या’ असे ओरडून भागत नाही. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक काढले. कारखान्याचा माल आणि तो घेणारा माणूस यांच्यातला दुवा, हा त्याचा मूळ हेतू. पुढे नावातले ‘खबर’ गळाले, मासिक ‘किर्लोस्कर’ झाले आणि १९३० च्या दशकात सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध छापणारे, मराठी मध्यमवर्गाला नव्या विचारांची चव लावणारे व्यासपीठ बनले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडेही आली.

परदेशात तर हे त्याआधीच घडत होते. अमेरिकेत जॉन डियर या नांगर बनवणाऱ्या कंपनीने १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ हे नियतकालिक काढले, तर १९०० मध्ये फ्रान्सच्या मिशेलिन या टायर कंपनीने मोटारवाल्यांसाठी प्रवासाची मार्गदर्शक पुस्तिका वाटली. यांपैकी कुणीही जाहिरात सोडून दिली नव्हती. जाहिरात नाव पोहोचवत होती आणि लिखाण भरवसा मिळवत होते. आजच्या व्यावसायिकाने उचलायची आहे ती हीच विभागणी. मासिक काढायला छापखाना लागे, टपाल लागे. आज त्याची जागा आपल्या वेबसाइटवरच्या दहा-बारा चांगल्या लेखांनी घेता येते आणि तो खर्च छोट्या दुकानालाही झेपतो.

पोस्टची मुदत आणि मालकी

पोस्टवर सगळी भिस्त का ठेवू नये, याची दोन कारणे आहेत. पहिले मुदतीचे. स्टेटस आणि स्टोरी चोवीस तासांत नाहीशा होतात, हे तर त्यांच्या रचनेतच आहे. इन्स्टाग्राम-फेसबुकवरची साधी पोस्ट नाहीशी होत नाही, पण दोन-तीन दिवसांत नव्या पोस्टींच्या ढिगाखाली जाते. ऑगस्टमध्ये टाकलेली उत्तम माहिती डिसेंबरमध्ये ज्याला हवी आहे, त्याला ती शोधूनही सापडत नाही. म्हणजे तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागते, त्यासाठी पुन्हा वेळ जातो. नीट लिहिलेला लेख मात्र वर्षानुवर्षे तोच प्रश्न विचारणाऱ्या नव्या माणसाच्या हाती लागत राहतो.

दुसरे कारण मालकीचे. ११ जानेवारी २०१८ रोजी मार्क झुकेरबर्ग यांनी जाहीर केले, की फेसबुकवर यापुढे मित्र-नातेवाइकांच्या मजकुराला प्राधान्य मिळेल आणि व्यवसाय, ब्रँड व माध्यमांचा मजकूर कमी दिसेल. ज्यांनी वर्षानुवर्षे पेजवर पसंती गोळा केली होती, त्यांची पोच त्या एका निर्णयाने आटली. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होते. तिथे जमवलेले लाखो चाहते कुणालाही दुसरीकडे उचलून नेता आले नाहीत. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले, गुगल प्लस २०१९ मध्ये. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही एकदम सुमारे सहा तास ठप्प होती. फुकट मिळालेली वेबसाइटही या धोक्यातून सुटत नाही. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून छोट्या दुकानांना जी तयार संकेतस्थळे मिळत होती, ती मार्च २०२४ मध्ये गुगलने बंद केली. या सगळ्यातून सोशल मीडिया सोडा असा अर्थ निघत नाही. भाड्याच्या गाळ्यात धंदा जोरात चालू शकतो, फक्त आपली सगळी पुंजी त्या गाळ्याच्या भिंतींत चिणून ठेवू नये, इतकेच. ज्या माहितीवर गिऱ्हाइकाचा भरवसा उभा आहे ती स्वतःच्या नावाने नोंदवलेल्या पत्त्यावर, म्हणजे स्वतःच्या डोमेनवर असावी. वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर डोमेन राहू देऊ नये, ही काळजी तर पहिल्याच दिवशी घ्यावी.

शंकेचे माप लावून पाहू

हे माप आपल्या गावावर लावून पाहू. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८ लाख ९ हजार होती आणि त्यानंतर शहर वाढतच गेले. एका टोकाला उत्तन, पाली, चौक इथली मच्छीमारांची गावे, दुसऱ्या टोकाला काशीमीऱ्याच्या महामार्गाकडचे टॉवर, मधे भाईंदर पूर्वेचे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आणि मीरा रोड स्टेशनाभोवतालचे क्लास, दवाखाने, केकवाले. इतक्या वेगवेगळ्या धंद्यांना एकच प्रमाण लागू पडणार नाही.

उत्तनच्या ताज्या मासळीपासून सुरुवात करू. सकाळी बोट लागली, सुरमई आणि कोळंबी आली, भाव अमुक, हा निरोप दुपारपर्यंतच कामाचा. गिऱ्हाईक ओळखीचे, शंका जवळपास नाही. इथे व्हॉट्सॲपचा गट आणि स्टेटस पुरेसे आहे, लेख लिहिण्यात वेळ घालवू नये. पण तीच विक्रेती सुके बोंबील कुरिअरने पुण्याला किंवा नाशिकला पाठवू लागली, की चित्र बदलते. दूरचे गिऱ्हाईक विचारते: बोंबील वाळूवर सुकवले की बांबूच्या मांडवावर? मीठ लावले आहे का? पावसाळ्यात जाळी लागू नये, किडे पडू नयेत म्हणून कसे ठेवायचे? पार्सलचा वास येईल का? हे चार प्रश्न प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा त्यांचा एक सचित्र लेख करावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्याआधी मे महिन्यात आगोटीची खरेदी होते. म्हणून तो लेख एप्रिलमध्ये तयार असावा आणि मे महिनाभर पोस्टमधून त्याच्याकडे बोट दाखवावे. धंदा एकच, पण शंका बदलली तसे प्रमाण बदलले.

आता भाईंदर पूर्वेचा भांड्यांचा कारखानदार घ्या. त्याचे गिऱ्हाईक परगावचा व्यापारी, केटरर किंवा हॉटेलवाला. एका खेपेला मोठी रक्कम गुंतते आणि पत्रा कोणत्या प्रतीचा आहे हे डोळ्यांना दिसत नाही. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त, तर ४३० मध्ये निकेल जवळपास नसतेच आणि त्याला चुंबक चिकटतो. ‘चुंबक चिकटला म्हणजे स्टील खोटे’ हा समज बाजारात सर्रास आहे. पण इंडक्शन शेगडीवर चालणाऱ्या भांड्याच्या तळाला चुंबक चिकटावाच लागतो. कोणत्या कामाला कोणती प्रत, जाडी किती, किंमत का वेगळी, खारट-आंबट पदार्थांना काय चालते, हे जो कारखानदार सरळ लिहून ठेवील, त्याच्याकडे व्यापारी अर्धा निर्णय घेऊनच फोन करील. या धंद्यात चकचकीत भांड्यांची रील फारसे काही करत नाही, कारण सगळ्यांचीच भांडी चकचकीत दिसतात. वेळेचा तीन चतुर्थांश वाटा लेखाला द्यावा.

घरखरेदीत शंका सर्वांत मोठी, कारण आयुष्यभराची कमाई आणि वीस वर्षांचे कर्ज पणाला लागलेले असते. तरीही मीरा रोडच्या घरांची प्रसिद्धी बहुतेक नमुना सदनिकेच्या रीलवर चालते. १ मे २०१७ पासून महारेरा कार्यरत आहे, प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक असावा लागतो, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. एजंटलाही नोंदणी लागते. पण तो क्रमांक घेऊन महारेराच्या संकेतस्थळावर काय काय तपासायचे, चटई क्षेत्र आणि दलाल सांगतो ते क्षेत्र यांत फरक का पडतो, भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर काय अडते, हे समजावणारा मजकूर गिऱ्हाइकाला हवा असतो. शहरातल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारती पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत. तिथल्या सोसायट्यांना मानीव अभिहस्तांतरणाची (डीम्ड कन्व्हेयन्सची) प्रक्रिया मराठीत समजावून सांगणारा वास्तुविशारद किंवा वकील दहा रील करणाऱ्यापेक्षा लवकर बोलावला जाईल.

उलट बाजूला घरगुती केक करणारी उद्योजिका. तिचा माल डोळ्यांनी विकला जातो, वाढदिवस ठरलेला असतो, रक्कम बेताची असते. तिने नव्वद टक्के जोर इन्स्टाग्रामवर द्यावा, यात गैर काही नाही. पण तिच्याकडेही एक पान हवेच: अंड्याविना मिळतो का, किती दिवस आधी सांगावे, भाईंदर पश्चिमेपर्यंत पोहोचवता का, अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक काय. हे पान एकदा लिहून त्याचा दुवा प्रोफाइलमध्ये दिला, की रोज तीच ती उत्तरे टंकण्याचे काम वाचते. क्लासचे गणित घर आणि केक या दोन्हींच्या मधले आहे. पालक निर्णय वर्षातून एकदा घेतात, पण पक्का विचार करून घेतात. म्हणून प्रवेशाच्या हंगामाआधी सविस्तर लेख आणि वर्षभर अधूनमधून पोस्ट, हे त्याला मानवते.

आधी लेख, मग त्यातून पोस्ट

प्रमाण ठरल्यावर क्रम ठरवावा लागतो, आणि इथेच बहुतेकांचा वेळ वाया जातो. पोस्टसाठी वेगळे डोके आणि लेखासाठी वेगळे, असे केले तर दोन्ही कामे अर्धवट राहतात. आधी लेख लिहावा आणि त्यातूनच पोस्ट काढाव्यात. सुरुवात वहीपासून होते. महिनाभर गिऱ्हाईक फोनवर, काउंटरवर, व्हॉट्सॲपवर जे विचारते ते त्याच्याच शब्दांत टिपून ठेवा. ‘तुमच्या उत्पादनाची वैशिष्ट्ये काय’ असे कुणी विचारत नाही. ‘काळे पडेल का?’, ‘परत घ्याल का?’, ‘स्टेशनपासून किती लांब?’ असे विचारतात. जो प्रश्न वारंवार आला तो पहिला लेख. शीर्षक प्रश्नाच्याच शब्दांत द्यावे, उत्तर पहिल्या परिच्छेदात द्यावे, कारण आणि अपवाद पुढे सांगावेत. किमतीचा अंदाज लपवू नये. किंमत लपवली की वाचक ती दुसरीकडे शोधतो. आठशे-हजार शब्द पुष्कळ झाले. खाली लिहिल्याची किंवा सुधारल्याची तारीख घालावी.

मग त्या एका लेखातून आठवडाभराच्या पोस्ट निघतात. स्टीलच्या लेखातून चुंबकाच्या प्रयोगाची रील होते, तिन्ही प्रतींच्या फरकाचा एक तक्ता होतो, ‘हॉटेलसाठी कोणती प्रत?’ हे स्टेटस होते, आणि एखाद्या व्यापाऱ्याने विचारलेला उपप्रश्न पुढच्या लेखाचे बी होतो. इन्स्टाग्रामच्या मजकुरात टाकलेला दुवा दाबता येत नाही, तो प्रोफाइलमध्ये द्यावा लागतो. व्हॉट्सॲपवर मात्र दुवा सरळ उघडतो, म्हणून आपल्याकडे लेख पोहोचवायचे खरे वाहन व्हॉट्सॲप आहे. सोसायट्यांच्या गटांत नुसती जाहिरात टाकली की ॲडमिन काढून टाकतो. ‘पावसाळ्याआधी गच्चीची गळती कशी तपासावी’ हा उपयोगी लेख मात्र सदस्य स्वतःहून पुढे धाडतात.

भाषेचा प्रश्न या शहरात टाळता येत नाही. मराठी, हिंदी, गुजराती, मारवाडी बोलणारे शेजारी-शेजारी राहतात. त्यावर उपाय असा, की पोस्ट दोन भाषांत करावी, ती छोटी असल्याने जड जात नाही. लेख मात्र ज्या भाषेत गिऱ्हाईक प्रश्न विचारते त्या एका भाषेत पूर्ण आणि चांगला लिहावा. गिऱ्हाईक मराठी असेल तर मराठीत लिहिण्यात व्यवहारी फायदाही आहे. स्टीलची प्रत, घराची कागदपत्रे, सुक्या मासळीची साठवण अशा विषयांवर इंग्रजीत ढीगभर पाने आहेत, मराठीत त्या मानाने थोडी. त्यामुळे चांगल्या मराठी लेखाला गर्दीत धक्के खावे लागत नाहीत. गावाचे नाव लोक ‘मीरा रोड’, ‘मिरा रोड’, ‘भाईंदर’, ‘भायंदर’ असे नाना प्रकारे लिहितात, काहीजण रोमन लिपीत टंकून शोधतात. पत्ता देताना प्रचलित रूपे एकदा तरी मजकुरात येऊ द्यावीत. आणि या सगळ्याच्या आधी गुगलचे बिझनेस प्रोफाइल नीट भरावे: नाव, वेळ, सुट्टीचा दिवस, खरे फोटो, नकाशावरची अचूक जागा. ‘जवळचा दवाखाना’ शोधणाऱ्याला लेखाआधी हेच दिसते.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असतो: आजकाल वाचतो कोण? विरार लोकलच्या गर्दीत उभा असलेला माणूस रील बघतो, हजार शब्द वाचत नाही. हे खरे आहे, पण अर्धेच. सगळे वाचत नाहीत, आणि सगळ्यांनी वाचायची गरजही नाही. त्याच गर्दीतल्या ज्याला पुढच्या महिन्यात घर घ्यायचे आहे किंवा आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरवायची आहे, तो रात्री घरी बसून मिळेल ते वाचतो, दोनदा वाचतो, बायकोला पाठवतो. व्यावसायिकाला मनोरंजनासाठी थांबलेल्या हजारांपेक्षा निर्णयाच्या उंबरठ्यावरची दहा माणसे मोलाची असतात.

दुसरा आक्षेप नवा आहे. शोधले की गुगलच वर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले उत्तर देते, भारतात ही सोय २०२४ पासून आहे. मग आपल्या पानावर कोण येणार? सर्वसाधारण माहितीच्या बाबतीत ही भीती बरोबर आहे. ‘स्टेनलेस स्टील म्हणजे काय’ यावर लेख लिहिण्यात आता अर्थ उरलेला नाही. पण ती उत्तरेही कुणीतरी लिहिलेल्या पानांवरूनच रचली जातात, आणि जे कुठेच लिहिलेले नाही ते यंत्रालाही नेमके सांगता येत नाही. उत्तनचे बोंबील किती दिवस सुकवतात, भाईंदरच्या कारखान्यात किमान किती नग घ्यावे लागतात, आपल्या क्लासमध्ये बुडालेला तास कसा भरून देतात, हे फक्त तुम्हीच लिहू शकता. या बदलाचा धडा लेख बंद करा असा नाही. पुस्तकी लेख बंद करा आणि अनुभवाचे लिहा, असा आहे.

तिसरा आक्षेप असा, की जुलै २०२५ पासून इन्स्टाग्रामवरच्या व्यावसायिक खात्यांच्या सार्वजनिक पोस्टही गुगलमध्ये दिसू शकतात, मग वेगळा ब्लॉग कशाला? या सोयीचा फायदा जरूर घ्यावा, फोटोखालचा मजकूर नीट, शोधता येईल अशा शब्दांत लिहावा. तरी मालकीचा मुद्दा शिल्लक राहतो. ही सोय देणारी कंपनी ती परतही घेऊ शकते, आणि तक्ता, पाच फोटो, किमती असलेले सविस्तर उत्तर फोटोखालच्या ओळींत बसत नाही.

चौथा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे: आम्हाला लिहिता येत नाही. इथे साहित्य लिहायचे नाही, काउंटरवर जे बोलता तेच कागदावर आणायचे आहे. फोनच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टंकता येते. गिऱ्हाइकाला समजावता तसे पाच मिनिटे बोला, मग घरातल्या किंवा ओळखीच्या मराठी चांगले असलेल्या कुणाकडून शुद्धलेखन आणि परिच्छेद नीट करून घ्या. महिन्याला एक लेख म्हणजे वर्षाला बारा, आणि बहुतेक छोट्या धंद्यांचे खरे प्रश्न तेवढेच असतात. एजन्सीकडून महिन्याला वीस उसने लेख विकत घेण्यापेक्षा हे बारा कधीही बरे. आणि नुसत्या रीलवर मोठे झालेले लोक आहेत त्यांचे काय, असे कुणी विचारील. आहेत, आणि बहुधा त्यांचा माल पाहताक्षणी घ्यावासा वाटणारा आहे. तोच कित्ता घराच्या दलालाने गिरवला तर पसंती मिळेल, भेटीला माणूस येईलच असे नाही.

मोजणी आणि डागडुजी

शेवटी हिशेब. पसंती आणि अनुयायी यांचे आकडे मोजणे सोपे म्हणून आपण तेच मोजतो. त्यांतले बरेचसे आपलेच मित्र, नातेवाईक आणि त्याच धंद्यातले लोक असतात. त्याऐवजी चौकशी मोजा. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ एवढे विचारा आणि उत्तर वहीत लिहा. गुगलचे सर्च कन्सोल हे साधन फुकट आहे. लोक कोणते शब्द टाकून आपल्या पानापर्यंत आले ते त्यात दिसते, आणि त्यातून पुढचा विषयही सुचतो. पोस्टचा निकाल तीन महिन्यांत लावा, लेखाला मात्र वर्ष द्या. गुगलमध्ये वर यायला वेळ लागतो, आणि चौथ्या महिन्यात कंटाळून सोडलेला ब्लॉग हा कधीच न लिहिलेल्या ब्लॉगपेक्षा वाईट दिसतो.

लेख टिकतो म्हणून तो आपोआप खरा राहत नाही. महिलेच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली. ते घर पंधरा वर्षे पुरुषाला विकता येणार नाही अशी अट तिला होती, आणि २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात ती शिथिल करण्याची घोषणा झाली. २०२१ मध्ये लिहून विसरलेला लेख आज गिऱ्हाइकाची दिशाभूल करील, आणि चुकीच्या लेखाने गेलेला भरवसा कोणत्याही रीलने परत येत नाही. म्हणून वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि नवे आर्थिक वर्ष सुरू होताना, सगळे लेख वाचून भाव, नियम, फोन क्रमांक आणि तारखा दुरुस्त कराव्यात. बारा लेखांना दोन दुपार पुरतात.

थोडक्यात निकाल असा: गिऱ्हाईक पाहून घेत असेल तर पोस्ट वाढवा, विचारून घेत असेल तर लेख वाढवा, आणि दोन्हींचे मूळ गिऱ्हाइकाच्या प्रश्नांतच ठेवा. या महिन्यात एवढेच करा. सगळ्यांत जास्त विचारला जाणारा एक प्रश्न निवडा, त्याचे पूर्ण आणि खरे उत्तर स्वतःच्या पानावर लिहा, आणि पुढच्या वेळी कुणी तो प्रश्न विचारला की त्याला दुवा पाठवा. तो वाचून त्याने काय विचारले ते टिपून ठेवा. दुसरा लेख त्यावरच लिहायचा आहे.